मदत हवी आहे: आई-वडिलांचं वय आणि मुलांचा मायनस नंबर

मुलगी ८ वर्षांची. दोन्ही डोळ्यांना −१.५, गेल्या वर्षी −०.७५ होता. तपासणी थेंब टाकून, बाहुली मोठी करूनच झाली आहे. तिच्या जन्माच्या वेळी मी ३९ ची, नवरा ४४ चा. दोघांनाही मायनस नंबर नाही (माझा फक्त वाचायचा). ती पूर्ण दिवसांची, आमचं पहिलंच मूल.

नातेवाइकांचं निदान तयारच आहे: उशिरा मूल झालं, म्हणून चष्मा! डॉक्टरांनी मात्र आमचं वय विचारलंही नाही.

पूर्ण नंबरचा चष्मा, रोज उजेडात बाहेर खेळणं, वाचताना पुस्तक लांब धरणं हे सुरू आहे. सौम्य ॲट्रोपिनबद्दल (नंबर वाढण्याचा वेग कमी करणारे थेंब) डॉक्टरांशी बोलणं चाललंय, त्यामुळे उपाय, गाजर, डोळ्यांचे व्यायाम कृपया नकोत.

माझी शंका अशी की उशिरा मूल होणारे पालक बऱ्याचदा जास्त शिकलेले असतात आणि त्या घरांत वाचनही जास्त. मग दोष वयाचा की या बाकीच्या गोष्टींचा? पालकांचं शिक्षण, त्यांचा स्वतःचा नंबर, मुलाचा जन्मक्रम हे सगळं वेगळं काढूनही वयाचा परिणाम उरतो, असं दाखवणारा अभ्यास कुणी वाचलाय का? उरत असेल तर आईच्या वयाचा की वडिलांच्या? आणि त्यामुळे डोळ्याची लांबी (मायनस नंबरबरोबर सहसा तीही वाढते) जास्त वेळा मोजून घ्यावी लागते का?