मदत हवी आहे: 312 फॉर्म आले, प्रवेश एक. कॉलेजच्या ऑनलाइन जाहिरातीत काय चुकतंय?

राऊवाली | सोमवार, रात्री 10:52
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. मी इंदूरच्या एका खासगी कॉलेजात शिकवते. यंदा मॅनेजमेंटने ऑनलाइन प्रवेशाचं सगळं काम माझ्या गळ्यात मारलं. फेसबुक आणि इन्स्टावर 35 दिवस जाहिरात चालवली, 40 हजार गेले, 312 फॉर्म आले आणि प्रवेश झाला एक. अर्ध्या लोकांचे फोन लागत नाहीत. लागले तर "कोणतं कॉलेज? आम्ही तर काही भरलंच नाही" म्हणतात. गुरुवारी मीटिंग आहे. आणखी 25 हजार मागू की जाहिरात बंद करायला सांगू? कृपया लवकर सांगा, झोप उडाली आहे.

कोथरूडकर | सोमवार, रात्री 11:10
बंद करा. फेसबुकवर माणूस वेळ घालवायला येतो, गूगलवर शोधायला येतो. हेच 25 हजार गूगलच्या सर्च जाहिरातीत घाला. "इंदूर बीबीए फी" असं टाइप करणारा मुलगा आणि रील सरकवता सरकवता फॉर्मवर बोट पडलेला मुलगा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण त्याआधी तुमची वेबसाइट स्वस्तातल्या मोबाइलवर उघडून बघा. फी कुठे लिहिली आहे ते अर्ध्या मिनिटात सापडलं नाही, तर एक रुपयाही खर्चू नका. मी पुण्यात हेच काम करतो.

आकडेवाला | सोमवार, रात्री 11:34
इतक्यावर काहीच सांगता येणार नाही. कोर्स कोणता? जाहिरातीत वय किती ठेवलं होतं? फॉर्म फेसबुकचाच की वेबसाइटवरचा? फॉर्म आल्यावर किती वेळाने फोन जातो, आणि तो करतं कोण? एक फॉर्म साधारण 128 रुपयांना पडला. तो महाग की स्वस्त, हे पुढचं कळल्याशिवाय कसं ठरवणार?

राऊवाली | मंगळवार, सकाळी 7:05
बीकॉम आणि बीबीए. वय 17 ते 21, आवडी "शिक्षण", "कॉमर्स", "करिअर". फॉर्म फेसबुकचाच. फोन ऑफिसातले दोघे करतात, दर शनिवारी यादी काढून. पण माझा प्रश्न बजेटचा आहे, त्याचं उत्तर मिळेल का?

आकडेवाला | मंगळवार, सकाळी 8:20
ताई, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. शनिवारी यादी! रविवारी फॉर्म भरलेल्या मुलीला फोन जातो सहाव्या दिवशी. तोवर तिने आणखी चार ठिकाणी भरलेलं असतं आणि तुमचं नाव ती विसरलेली असते. "आम्ही भरलंच नाही" म्हणतात ते खोटं बोलत नाहीत.

दुसरं म्हणजे वय 17 पासून ठेवलंत. फेसबुकच्या मेटा कंपनीने 18 च्या आतल्यांसाठी आवडीनिवडीवरून जाहिरात दाखवणं 2021 मध्येच बंद केलं. फेब्रुवारी 2023 पासून तर फक्त वय आणि ठिकाण एवढंच उरलं. म्हणजे 12वी झालेल्या पोरांपैकी ज्यांना 18 पूर्ण नाहीत, त्यांच्यासाठी तुमच्या "कॉमर्स" आणि "करिअर"चा उपयोग शून्य. जाहिरात आईबापांना दाखवा, 38 ते 52 वयाच्या. फी तेच भरणार आहेत.

तिसरं, फेसबुकच्या फॉर्मात नाव-नंबर प्रोफाइलमधून आपोआप भरला जातो. अनेकांच्या प्रोफाइलला जुनं, बंद झालेलं सिम असतं, म्हणून फोन लागत नाहीत. फॉर्म बनवताना "हायर इन्टेन्ट" असा प्रकार मिळतो. त्यात पाठवण्याआधी माणसाला पुन्हा एकदा तपासून होकार द्यावा लागतो. आणि एक प्रश्न हाताने लिहायचा ठेवा, "12वीला किती टक्के?" फॉर्म निम्मे होतील, पण माणसं खरी येतील.

कोथरूडकर | मंगळवार, सकाळी 9:02
हे सगळं खोकला झाल्यावर गळ्याला मफलर गुंडाळण्यासारखं आहे. सर्च जाहिरातीत हा त्रासच नाही. आणि आलेल्या मुलाला तिथल्या तिथे प्रवेश देऊन टाका ना! दोन हजार टोकन घ्या, पावती द्या, विषय संपला.

निमाडी_मामा | मंगळवार, सकाळी 9:41
कोथरूडकर भाऊ, मध्य प्रदेशात असं टोकन घेऊन बीकॉमला प्रवेश होत नाही. उच्च शिक्षण विभागाचं ई-प्रवेश पोर्टल आहे. पोरगं एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर (ऑनलाइन सेवा केंद्रावर) जातं, नोंदणी करतं, कागदपत्रं तपासली जातात, मग चॉइस फिलिंगमध्ये कॉलेजांची नावं टाकतं. 12वीच्या गुणांवर मेरिट लागतं, सीट मिळते, मग फी. मुख्य राउंड आटोपले की सीएलसी, म्हणजे कॉलेज पातळीवरचं काउन्सेलिंग. ताईंच्या कॉलेजचं नाव पोराने चॉइसमध्ये टाकलंच नाही, तर 312 काय नि 3000 फॉर्म काय, ते नुसते फोन नंबर.

ताई, तुम्ही हे सांगितलंच नाहीत.

राऊवाली | मंगळवार, सकाळी 10:15
अहो, ते सगळ्यांना ठाऊक असेलच असं वाटलं. हो, ई-प्रवेशनेच. पहिला राउंड झाला, सीएलसी तोंडावर आहे. आमच्या जाहिरातीत ई-प्रवेशचा उल्लेख नाही हे मात्र खरं. "ॲडमिशन्स ओपन", इमारतीचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ आणि नंबर, एवढंच आहे.

एक_आई | मंगळवार, सकाळी 11:30
माझ्या मुलाला 71 टक्के आहेत, बीबीए घ्यावं की बीकॉम? त्याला देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयआयपीएस विभागात जायचं होतं. तिथे का नाही मिळणार?

जुना_मास्तर | मंगळवार, दुपारी 12:05
वहिनी, देवी अहिल्या विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतल्या बऱ्याच कोर्सना 2022 पासून सीयूईटीने (देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेने) प्रवेश होतात, संलग्न कॉलेजांत ई-प्रवेशने. सीयूईटी दिली नसेल तर संलग्न कॉलेज बघा. हिशेबात मन रमत असेल तर बीकॉम, पुढे सीए-सीएमएची वाट मोकळी राहते.

आता मूळ विषय. मी 31 वर्षं इंदुरात शिकवलं. आमच्या वेळी जाहिरात नव्हती, तरी वर्ग भरायचे, कारण शिकवणारे चांगले होते. ते 40 हजार ग्रंथालयात घातले असते तर बरं झालं असतं.

आकडेवाला | मंगळवार, दुपारी 12:22
सर, आदर राखून सांगतो, तेव्हा इंदुरात मोजकी कॉलेजं होती. आज भंवरकुआंच्या चौकात उभं राहिलं तर होर्डिंगांमागे आभाळ दिसत नाही. चांगलं शिकवणाऱ्या कॉलेजनेही तोंड उघडलं नाही तर पोराला कळणार कसं?

जुना_मास्तर | मंगळवार, दुपारी 12:40
कळेल आधीच्या पोरांकडून. त्यांनाच बोलू द्या. ड्रोनने गच्ची दिसते, वर्ग दिसत नाही.

बडोद्याची_काकू | मंगळवार, दुपारी 2:10
मास्तरांचं शेवटचं वाक्य मला पटलं. मी बडोद्यात एका कॉलेजच्या प्रवेश विभागात आहे. आमच्याकडेही 2024 पासून जीकॅस हे गुजरातचं सामाईक प्रवेश पोर्टल आलं आणि हीच गडबड उडाली. पोरांना कॉलेज आवडायचं, पण फॉर्म कसा भरायचा ते कळायचं नाही. आम्ही दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना बसवलं आणि त्यांनी मोबाइलवर फॉर्म भरून दाखवला, पान न् पान. ना संगीत ना झगमग. आमचा सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ तोच. तुम्ही ई-प्रवेशचा असा करा. यूट्यूबचे शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंत चालतात.

व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. पण ब्रॉडकास्टवर विसंबू नका. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून पहिल्या बोलण्यातच "नंबर सेव्ह करून ठेव बेटा, यादी लागली की कळवीन" असं सांगायचं. आणि गूगल मॅपवर तुमच्या कॉलेजचं पान कुणाच्या ताब्यात आहे? ते बघा आधी.

राऊवाली | मंगळवार, दुपारी 4:48
काकू, आत्ता बघितलं. मॅपवर जो नंबर आहे तो जुन्या लँडलाइनचा, कधीच कापलेला. वर "4 वाजता बंद होईल" असं लिहिलंय, आम्ही साडेपाचपर्यंत असतो. आणि एका पालकाने दोन महिन्यांपूर्वी विचारलंय, "हॉस्टल है क्या?" त्याला कुणीच उत्तर दिलं नाही. हात थरथरले माझे. पण तरी सांगा, 25 हजारांचं काय? मॅनेजमेंटकडे दुसरा प्रस्तावही आलाय. एकाने 12वीच्या मुलांचे 9 हजार नंबर 6 हजार रुपयांत देऊ केलेत, एसएमएस टाकायला.

कलम_वाचक | मंगळवार, सायं. 5:20
त्या यादीला हात लावू नका. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यात 18 खालचे सगळे "बालक". त्यांचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. बालकांना उद्देशून लक्ष्यित जाहिरात करायला मनाई आहे. बालकांबाबतच्या चुकीला दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी. ही यादी कुणाच्या संमतीने निघाली, ते विकणारा सांगू शकणार नाही. शिवाय ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे ठोक एसएमएसला डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर) नोंदणी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा टेम्प्लेट मंजूर असावा लागतो. तुमच्या फॉर्मवरही "आम्ही फक्त प्रवेशासाठी संपर्क करू" हे आणि पालकाचा नंबर ठेवा.

कोथरूडकर | मंगळवार, सायं. 6:01
इतके घाबरले तर कोणीच जाहिरात करणार नाही. सगळी कॉलेजं याद्या घेतात.

कलम_वाचक | मंगळवार, सायं. 6:15
सगळे घेतात, पण नोटीस ताईंच्या टेबलावर येईल. आणि ज्या पोरीचा नंबर विकला गेला, तिला दिवसाला वीस फोन येतात, ते वेगळंच.

निमाडी_मामा | मंगळवार, रात्री 8:30
जाहिरात दाखवली कुठे? पूर्ण मध्य प्रदेश ठेवलं असेल तर चूक. खरगोनला 2024 मध्ये क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ झालं, तिकडच्या पोरांना आता जवळच सोय होतेय. तुमच्याकडे खरी येणार ती सनावद, बडवाह, महू, सांवेर, देपालपूरची. भाषा हिंदी ठेवा, इंग्रजी "ॲडमिशन्स ओपन" नको.

आणि निमाडच्या (खरगोन-खंडवाकडच्या भागातल्या) मुलीच्या घरी पहिला प्रश्न येण्याजाण्याचा असतो. महू ते ओंकारेश्वर रोड ही छोटी लाइन फेब्रुवारी 2023 मध्ये गेज बदलण्यासाठी बंद झाली, तेव्हापासून बसचाच आधार, आणि भेरूघाटात जाम लागला की बापाचा जीव टांगणीला. तुमच्या जाहिरातीत त्या बापासाठी काय आहे? "गाँव की बेटी" योजना लिहिली का? गावातल्या मुलीला 12वीला 60 टक्के असतील तर महिन्याला 500 रुपये, 10 महिने. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) नीट नसेल तर फॉर्म अडकतो, हे तरी कुणी सांगितलं का?

बडोद्याची_काकू | मंगळवार, रात्री 8:55
मामा, बुऱ्हाणपूरकडे मराठी जाहिरात चालेल का? तिथे मराठी घरं पुष्कळ.

निमाडी_मामा | मंगळवार, रात्री 9:10
घरात मराठी, पण शाळा हिंदीत. पोरगं हिंदीच वाचेल. आजीसाठी मराठी ठेवा. बरं, बुऱ्हाणपूरची मांडा रोटी खाल्ली का कधी?

कोथरूडकर | मंगळवार, रात्री 9:18
आमच्याकडचे खान्देशी मांडे त्याहून मोठे. (मुद्द्यावर या लोक हो, मीही येतो. सर्चमध्ये "फी" आणि "हॉस्टल" हे शब्द धरा, "बेस्ट कॉलेज" सोडून द्या. त्यावर बोली फार चढते.)

राऊवाली | बुधवार, रात्री 9:47
आज यादी घेऊन स्वतः बसले. ताजे 40 फॉर्म काढले, ऑफिसच्या नंबराऐवजी माझ्या मोबाइलवरून व्हॉट्सॲप कॉल केले, संध्याकाळी 7 नंतर. 40 पैकी 17 लागले. कॉलेजची माहिती सांगायचीच नाही, आधी "बेटा, फॉर्म कहाँ अटका है?" एवढंच विचारायचं असं ठरवलं होतं.

17 पैकी 6 जणांनी ई-प्रवेशची नोंदणीच केलेली नव्हती. त्यांना वाटत होतं, फेसबुकवर भरलं म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला! ते आमच्या मेरिट लिस्टची वाट बघत बसले होते. एका मुलीला 78 टक्के आहेत, बडवाहजवळच्या गावातली. पहिला राउंड तिचा तसाच गेला. आईने फोन घेतला आणि मागून मुलीच्या आजीचा आवाज येत होता, "पूछ, कॉलेज छूटेगा कितने बजे." मी टाइमटेबल उघडून सांगितलं, पहिल्या वर्षाला 1:20 ला सुटतं. पलीकडे एकदम शांत झालं. मग आई म्हणाली, "फिर तो अँधेरे से पहले घर आ जाएगी." हे 1:20 आमच्या एकाही जाहिरातीत नाही. वेबसाइटवरही नाही. तिला "गाँव की बेटी"चं सांगितलं, तेही तिला माहीत नव्हतं. सकाळी ती कियोस्कवर जाणार आहे, समग्र आयडी घेऊन.

मी 35 दिवस ड्रोनवर पैसे घातले आणि ही मुलगी बिचारी घरात वाट बघत होती. मला फार वाईट वाटलं.

उद्याच्या मीटिंगमध्ये 25 हजार मागणार नाही, 10 मागते. त्यात बडवाह-सनावद-महू-सांवेरच्या पालकांना हिंदी जाहिरात, हायर इन्टेन्टचा फॉर्म, थोडं सर्चवर. ई-प्रवेशचा व्हिडिओ बीबीएच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली उद्या दुपारी करतायत. ती 9 हजारांची यादी नको, असं लेखी देते. फोन त्याच दिवशी जाईल, त्यासाठी सीएलसी संपेपर्यंत संध्याकाळी दोघींची पाळी लावायची आहे.

आता एकच विचारते. ज्या 270 जणांना शनिवारचे फोन गेले आणि जे वैतागले असतील, त्यांना परत फोन करावा की आधी मेसेज टाकावा?

बडोद्याची_काकू | बुधवार, रात्री 10:05
आधी मेसेज. त्यात जाहिरात नको. "फेसबुक का फॉर्म प्रवेश का आवेदन नहीं है, ई-प्रवेश पर पंजीयन किया क्या?" एवढंच, आणि खाली तुमचं नाव. उत्तर देईल त्यालाच फोन.

आकडेवाला | बुधवार, रात्री 10:11
काकूंशी सहमत. सकाळी 8 च्या आत पाठवा, म्हणजे कियोस्क उघडायच्या आधी त्यांच्या हातात असेल.