पार्श्वसंगीताने प्रेक्षकाच्या वतीने रडू नये

मागची_रांग

गेल्या काही महिन्यांत मिळेल ते पाहिलं. एक चरित्रपट, एक भयपट, एक सुटकेचा थरार, छळछावणीवरचा एक, आणि एक असा की ज्यात म्हटलं तर काहीच घडत नाही. यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण प्रत्येकाबद्दल विचार करताना मी एकाच जागी येऊन पोचतोय, म्हणून सगळ्यांवर एकत्रच लिहितो. पडद्यावरचं माणूस दुःखी झालं की व्हायोलिन, नायक वळला की ढोल, दार करकरलं की धडाम्, हे आता पुरे झालं. कुठे गलबलायचं ते प्रेक्षकाला कळतं.

'ओपनहायमर' (२०२३) घ्या. तीन तासांत संगीत क्वचितच थांबतं. माणसं बंद खोलीत चौकशी समितीपुढे बोलताहेत आणि मागे वाद्यवृंद असा धावतोय की कुणाची गाडी चुकणार आहे. काही संवाद मला मागे जाऊन पुन्हा ऐकावे लागले. आणि अणुबॉम्बच्या चाचणीला मात्र सगळं बंद होतं. आग वर चढतेय, चेहरे उजळताहेत, ऐकू येतो तो फक्त श्वास. अख्ख्या चित्रपटातला हाच प्रसंग मला पुरता लक्षात आहे.

'द झोन ऑफ इंटरेस्ट' (२०२३) तर त्याहून पुढचा. नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीचा कमांडंट रुडॉल्फ ह्यॉस, छावणीच्या भिंतीला लागून त्याचं घर, बाग, मुलांसाठी पाण्याचा हौद. छावणीत काय चाललंय ते कॅमेरा आपल्याला दाखवत नाही. बायको तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन एकेक फूल दाखवतेय, त्याचा वास देतेय, आणि भिंतीपलीकडून गोळ्या, ओरडणं, भट्ट्यांची न थांबणारी घरघर येतेय. संगीत आहे, पण सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर, अगदी शेवटी आणि मधे मोजक्या जागी. त्या फुलांच्या प्रसंगाखाली एखादा करुण सूर टाकला असता तर मी सुटलो असतो. 'हे भयंकर आहे' असं कुणीतरी माझ्या वतीने म्हणून टाकलं असतं. तसं कुणी म्हणत नाही, म्हणून ते आपल्याला स्वतःला म्हणावं लागतं.

'पर्फेक्ट डेज'मधला हिरायामा टोकियोतली सार्वजनिक शौचालयं साफ करतो. गाणी वाजतात ती त्याच्या गाडीतल्या कॅसेटवर. त्याने कॅसेट सरकवली की सुरू. कोजी याकुशोला या कामासाठी २०२३ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच.

भयपटांबद्दल थोडक्यात: दचकवणं म्हणजे घाबरवणं नव्हे. 'तुंबाड'मधला पाऊस मला कुठल्याही धडाम्-पेक्षा जास्त घाबरवतो.

आता ज्यावर बरेच जण भांडतील ते. 'मंजुम्मेल बॉईज' (२०२४). मित्र गुहेतल्या खोल खड्ड्यात पडलाय, वरून पावसाचं पाणी त्या तोंडातून आत चाललंय आणि बाकीचे ते अंगाने अडवताहेत. तिथे माझा जीव गोळा झाला होता. शेवटी सुटकेच्या क्षणी 'गुणा' या तमिळ चित्रपटातलं ते जुनं गाणं लावलं आणि मी त्या गुहेतून थेट बाहेर फेकला गेलो.

सुरपेटी

सपशेल असहमत. त्या गाण्याला तुम्ही 'लावलं' म्हणता हेच मला खटकलं.

ती गुहा आज गुणा गुहा म्हणून ओळखली जाते, ती कशामुळे? १९९१ साली कमल हासनच्या 'गुणा'चं चित्रीकरण तिथे झालं म्हणून. केरळातल्या मंजुम्मेलची ही मुलं २००६ साली कोडाईकनालला गेल्यावर तिथवर पोचतात ती त्या चित्रपटाच्या आकर्षणामुळे. गाणं इलैयाराजांचं, त्याच चित्रपटातलं, आणि 'मंजुम्मेल बॉईज' सुरू होताच नामावलीवर आपण ते ऐकलेलं असतं. मूळ गाण्यात एक वेडा प्रेमिक म्हणतो की हे प्रेम माणसांच्या नेहमीच्या प्रेमापलीकडचं आहे, त्याहून पवित्र आहे. तेच शब्द तेहतीस वर्षांनी दोन मित्रांवर येतात. पोलीस आणि अग्निशमन दलाचे लोक जिथे उतरायला धजावत नाहीत तिथे एक मित्र दोराने खाली गेलेला असतो. त्या क्षणी पार्श्वसंगीत मला काय वाटायचं ते सांगत नव्हतं. मला जे वाटत होतं त्याला शब्द मिळाले. लोक थिएटरात उभे राहून टाळ्या वाजवत होते ते उगाच नाही.

आणि तत्त्वाचं म्हणाल तर चित्रपट बोलायला लागण्याआधीपासून त्याच्याबरोबर संगीत आहे. मूकपटांच्या काळात पडद्यापुढे वादक बसायचे. संवाद नंतर आले.

तिसरी_घंटा

ध्वनिमिश्रणाशी माझा कामाचा संबंध आहे, त्यामुळे दोन मुद्दे.

पहिला मुद्दा संवाद ऐकू न येण्याचा. घरी पाहिलात का? थिएटरसाठी केलेल्या मिश्रणात संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरवर असतात, संगीत आणि बाकीचे आवाज डावी-उजवीकडे आणि मागे पसरलेले. टीव्हीला दोनच स्पीकर. तिथे सगळं एकावर एक येऊन पडतं आणि संवाद बुडतात. टीव्हीच्या किंवा अॅपच्या सेटिंगमध्ये ५.१ (अनेक स्पीकरसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ निवडा, फरक पडेल. अर्थात, 'ओपनहायमर'चे दिग्दर्शक नोलन यांच्या बाबतीत ही तक्रार थिएटरात बघणाऱ्यांचीही आहे. 'इंटरस्टेलर' आणि 'टेनेट'च्या वेळीही ती झाली होती. संगीताखाली संवाद दबले तरी चालतील असं त्यांनी ठरवूनच केलेलं आहे. मला स्वतःला ते आवडत नाही.

दुसरा मुद्दा चाचणीतल्या शांततेचा. १६ जुलै १९४५ ला ओपनहायमर ज्या आसऱ्यात होता तो स्फोटापासून सुमारे ९ किलोमीटरवर होता. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणजे उजेड आधी आणि धमाका जवळजवळ २७ सेकंदांनी. तिथे शांतता होतीच! दिग्दर्शकाने ती ताणली आहे, पण शोधून काढलेली नाही.

मागची_रांग

@तिसरी_घंटा, हे माहीत नव्हतं, आता तो प्रसंग आणखी आवडला. म्हणजे खरं घडलं तसं दाखवलं आणि तेच सगळ्यात परिणामकारक ठरलं. माझं म्हणणं तरी दुसरं काय आहे?

@सुरपेटी, गाण्याचं गुहेशी असलेलं नातं पटलं. जागा पटली नाही. नामावलीवर ते आलं तेव्हा मी मनापासून ऐकलं. पण शेवटी त्या दोघांचे चिखलाने माखलेले चेहरे समोर होते. त्यांच्याकडे बघायचं की गाण्याकडे?

कोरी_पाटी

दोघांनीही 'सैराट' (२०१६) सोडून बोलावं याचं नवल वाटतं. (शेवट सांगतेय. अजून पाहिला नसेल तर पुढचा प्रतिसाद वाचा.)

अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. पूर्वार्धात परश्या-आर्चीचं प्रेम त्या संगीतावर अक्षरशः तरंगतं. विहिरीतली उडी, उसाचे फड, संथ गतीतलं धावणं, सगळं त्या सुरांवर. पुढे दोघं परक्या शहरात येतात तेव्हा गाणी गेलेली असतात. आणि शेवटी ते लहान मूल शेजारणीबरोबर घरी येतं, आत जातं, रडत बाहेर येतं, फरशीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटतात. त्या रडण्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही.

आता पूर्वार्धातून ते संगीत काढून टाका. शेवटची शांतता तेवढीच लागेल का? मला नाही वाटत. ती शांतता बोचते कारण आपल्याकडून काहीतरी काढून घेतलेलं असतं. मागची_रांग, तुम्हाला 'ओपनहायमर'मधली शांतता लक्षात राहिली ती आधीच्या दोन तासांच्या गोंगाटामुळे. तुम्ही शांततेला सगळं श्रेय देताय, पण तिला जागा करून दिली ती ज्या संगीतावर तुम्ही चिडलात त्यानेच. त्या संगीताला ऑस्कर मिळालं, आणि त्याच सोहळ्यात ध्वनीचं ऑस्कर 'द झोन ऑफ इंटरेस्ट'ला. दोन्ही निर्णय मला बरोबर वाटतात.

मागची_रांग

'सैराट'चं उदाहरण जबरदस्त आहे आणि ते मी माझ्याच बाजूला घेईन. मंजुळेंना कुठे थांबायचं ते कळलं. ज्या दिग्दर्शकाकडे एवढा मोठा वाद्यवृंद हाताशी आहे तो शेवटच्या प्रसंगात तो वापरत नाही, यालाच मी प्रेक्षकावरचा विश्वास म्हणतो. माझा राग संगीतावर नाही. एकही जागा रिकामी न सोडण्यावर आहे. 'झोन'मध्ये तर आधी गोंगाट नव्हता, तरी शांतता बोचलीच. त्याचं काय?

सुरपेटी

तिथे शांतता कुठे आहे? भिंतीपलीकडून अखंड आवाज येतोय असं तुम्हीच लिहिलंत. तो आवाजच तिथलं संगीत आहे. तोही कुणीतरी बसून रचला आहे, कुठली किंकाळी कुठे आणि किती हे ठरवून. व्हायोलिनने केलं की लबाडी आणि भट्टीच्या घरघरीने केलं की प्रामाणिकपणा, हा भेद मला समजत नाही.

आणि आता दिग्दर्शक हिचकॉक. 'सायको'मधला न्हाणीघरातला खून त्यांना विनासंगीत ठेवायचा होता. तुमचंच मत! संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही तंतुवाद्यांचे ते किंचाळणारे सूर रचले, हिचकॉकनी ऐकले आणि स्वतःचा निर्णय बदलला. ते सूर काढून तो प्रसंग आज कुणाला आठवेल का?

पाऊलखूण

'सायको' १९६० चा. त्यानंतर १९६३ साली त्याच हिचकॉकनी 'द बर्ड्‌स' केला, त्यात रूढ अर्थाचं पार्श्वसंगीतच नाही. पंखांची फडफड, पक्ष्यांचा कलकलाट, तोही बराचसा इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केलेला. आणि ध्वनी सल्लागार कोण? हेच हरमन. ज्याने 'सायको'त सूर हवेतच म्हणून धरलं त्यानेच इथे संगीताशिवाय काम केलं. शाळेबाहेर ती बाई बाकावर बसलेली असते, मागच्या लोखंडी सांगाड्यावर एकेक कावळा येऊन बसतो. ऐकू येतं ते फक्त वर्गातल्या मुलांचं गाणं. भीती वाटण्यासाठी मला त्याहून जास्त काही लागलं नाही. मागची_रांगशी सहमत.

दिवेलागण

एक वेगळी बाजू मांडते. माझ्या आईची दृष्टी गेल्या काही वर्षांत बरीच कमी झाली आहे. ती अजून आमच्याबरोबर चित्रपट 'बघते', पण बहुतेक ऐकूनच. प्रसंग बदलला, कुणीतरी आत आलं, काहीतरी बिनसलं, हे तिला सुरांवरून कळतं. तुम्ही ज्याला प्रेक्षकाच्या वतीने रडणं म्हणता त्याच्या आधाराने ती आमच्याबरोबर राहते. ज्यात कुणी बोलत नाही आणि काही वाजत नाही असे चित्रपट लागले की ती दर थोड्या वेळाने विचारते, "आता काय झालं?" आम्ही सांगतो, पण तिला विचारावं लागतं याचं तिला वाईट वाटतं. सगळेच चित्रपट मुके झाले तर तिच्यासारख्यांनी काय करायचं, याचा कुणी विचार करतं का?

मागची_रांग

हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नसता, दिवेलागण. पण तुमच्या आईंना खरं तर वर्णनाचा वेगळा ध्वनिपट मिळायला हवा, ज्यात पडद्यावर काय घडतंय ते कुणीतरी सांगतं. परदेशी मालिकांना आणि काही चित्रपटांना तो असतो. आपल्याकडे तो अजून सर्रास मिळत नाही, आणि त्यासाठी आपण सगळ्यांनी भांडायला हवं. ती गरज व्हायोलिनवर ढकलणं हा आईंवरही अन्याय आहे.

तिसरी_घंटा

इतकं संगीत का वाजतं यामागे कामाच्या पद्धतीही आहेत. आपल्याकडे बराच काळ संवाद नंतर स्टुडिओत डब व्हायचे. 'लगान'ने (२००१) चित्रीकरणाच्या जागीच ध्वनी घेतला तेव्हा ती बातमी होती. डब केलेल्या संवादांमागे ना वारा, ना कपड्यांची सळसळ, ना खोलीचा आवाज. सगळं नंतर भरायचं. ते नीट भरायला वेळ आणि माणसं लागतात, त्यापेक्षा संगीत ओतणं सोपं. मग ती सवय पडली.

आणि एक आजचं कारण. संकलन चालू असताना प्रसंगाखाली कुठल्यातरी जुन्या चित्रपटाचं संगीत तात्पुरतं टाकतात. दिग्दर्शक महिनोन्‌महिने तेच ऐकतो. शेवटी संगीतकार येतो तेव्हा त्याला सांगतात, 'असंच काहीतरी हवं.' जागा रिकामी ठेवून बघण्याची वेळच येत नाही. म्हणून इतके चित्रपट एकसारखे वाजतात. दोष संगीतकाराचा क्वचितच असतो.

कोरी_पाटी

हे पहिल्यांदाच कळलं. संगीतकार संहितेच्या टप्प्यापासून बरोबर असेल तरच 'सैराट'सारखं काम होत असणार.

सुरपेटी

एक राहिलं. मागची_रांग, 'पर्फेक्ट डेज'ची तुम्ही एवढी स्तुती केलीत, पण त्याचा शेवट काय आहे? हिरायामा गाडी चालवतोय, कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर, आणि गायिका नीना सिमोनचं गाणं भरभरून वाजतंय. चेहरा आणि गाणं दोन्ही एकाच वेळी. तिथे तुम्हाला कुठे बघायचं हा प्रश्न पडला नाही?

मागची_रांग

नाही पडला, कारण ते गाणं त्याचं आहे. तो स्वतः ऐकतोय. आणि गाणं आनंदाचं असताना त्याच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकमेकांत येत-जात राहतं. यातलं खरं कुठलं हे गाणं सांगत नाही.

सुरपेटी

मग गुहेतल्या त्या मुलांना तो चित्रपट माहीत होता, त्यासाठीच ती तिथवर गेली होती. गाणं त्यांचंही होतंच की. टाळ्यांचा आवाज आणि आजूबाजूची गर्दी नसताना तो शेवट पुन्हा बघा, आणि त्या वेळी चेहऱ्यांवरून नजर हटली तर मला सांगा.