मदत हवी आहे: भाच्याला संस्थेत मारतात, तक्रार कुठे करायची?

माणदेशी: काल भाच्याला भेटलो. पाठीवर पट्ट्याचे वळ. काळजीवाहक मारतो म्हणाला. अधीक्षक म्हणतात, "मुलं आपसांत भांडतात." पोलीस म्हणतात, "संस्थेचं पत्र आणा." कोणतं कलम लागतं तेवढं सांगा, लवकर.

विहीर: वय किती? बालगृह की शाळेचं वसतिगृह? ठेवलं कोणी?

घारापुरी: कलमं नंतर. वळांचे फोटो पेपरला द्या, सगळे धावत येतील. 2010 साली कवडासच्या बालगृहातल्या मुलांच्या छळाचं प्रकरण उच्च न्यायालयाने बातमी वाचूनच हाती घेतलं होतं.

विहीर: फोटो अजिबात नको! मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, बाल न्याय कायदा कलम 74. आणि पोरगं अजून त्याच लोकांच्या ताब्यात आहे.

घारापुरी: गप्प बसूनच या संस्था माजल्यात.

माणदेशी: वय 9. बहीण वारली, दाजी दारूत. बाल कल्याण समितीने बालगृहात ठेवलंय. आता तरी सांगा.

शुभांगी_वकील: मग समितीकडेच लेखी तक्रार करा, पोच घ्या. वैद्यकीय तपासणी आणि दुसऱ्या संस्थेत हलवणं, दोन्ही मागा. समितीने महिन्याला किमान दोनदा संस्थांची पाहणी करायची असते, ती झाली का तेही विचारा. कलम 75 लावण्याची मागणी करा: संस्थेच्या माणसाने क्रूरपणे वागवलं तर 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी, 5 लाखांपर्यंत दंड. ते "शिस्त लावत होतो" म्हणतील, कारण शिस्तीसाठी मारण्याच्या कलम 82 खाली पहिल्यांदा फक्त 10,000 दंड आहे. म्हणून पट्टा, वळ, तारीख, सगळं लिहा.

गुलमोहर: मुलीच्या वाढदिवसाला अशाच संस्थेत जेवण द्यायचंय. चांगली संस्था कशी ओळखायची?

घारापुरी: नोंदणी प्रमाणपत्र बघा, कलम 41. पण नोंदणी असलेल्या ठिकाणीही हेच चालतं, वर वाचा.

विहीर: गुलमोहर, कृपया वेगळा धागा काढा. माणदेशी, भाच्याशी एकट्याने बोलता आलं का? मारण्यापलीकडे काही असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो. तिथे कळूनही न कळवणं गुन्हा आहे, संस्थाप्रमुखाला 1 वर्षापर्यंत कैद.

माणदेशी: एकट्याने बोलू दिलं नाही, अधीक्षक शेजारीच होते. समितीची बैठक परवा आहे. तोवर तो तिथेच राहणार का?

शुभांगी_वकील: बैठकीसाठी थांबू नका. समितीच्या एका सदस्यापुढेही मूल हजर करता येतं. आत्ता 1098 या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन करा, अधीक्षक शेजारी बसले होते हे आधी सांगा.

माणदेशी: लावतोय.