मदत हवी आहे: कासवाच्या पाठीवरचे बार्नॅकल फोटोंवरून कसे मोजायचे?

माझ्याकडे एकाच समुद्री कासवाचे दोन फोटो आहेत, मध्ये साधारण चार महिन्यांचं अंतर. पहिल्यात पाठीवरच्या दोन खवल्यांच्या सांध्याला अगदी खेटून एक पांढरा, चपटा बार्नॅकल (चिकटून राहणारा, कवच असलेला छोटा समुद्री जीव) दिसतो, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा. दुसऱ्यात तोच सांध्यापासून बोटभर पुढे, डोक्याच्या दिशेने! आधी वाटलं, कॅमेऱ्याचा कोन वेगळा असेल. पण शेजारचा ओरखडा जागच्या जागी आहे.

बार्नॅकल शिंपल्यासारखा दिसला तरी तो खेकडा-कोळंबीच्या कुळातला. अळी एकदा जागा निवडून चिकटली की कायमची, हेच आजवर वाचलं होतं. पण कासवांवर राहणाऱ्या केलोनिबिया टेस्टुडिनारियाबद्दल 2021 मध्ये संशोधन आलं, की पूर्ण वाढलेले बार्नॅकलही अगदी हळूहळू सरकतात. पिसासारखे पाय पाण्यात पसरून ते अन्नकण गाळतात, म्हणजे जिथे प्रवाह जास्त तिथे जाण्यात त्यांचा फायदाच.

तर विचारायचं होतं: खवल्याची रुंदी प्रमाण धरून अंतर काढलं तर चालेल का? चार महिन्यांत खवलाही वाढतो, तो फरक कसा वजा करायचा? आणि वल्ह्यासारख्या पुढच्या पायाच्या कातडीत अर्धे रुतलेले बारके बार्नॅकल आहेत, ते प्लॅटिलेपास (कातडीत रुतून राहणारा बार्नॅकलचा प्रकार) असावेत का? फोटोत नेमकं काय बघू?

कृपया 'खरवडून काढा' असं सुचवू नका. ओढून काढताना कासवाला जखम होते.