मदत हवी आहे: कॉम्बिनेशन लॉकमध्ये 'कॉम्बिनेशन' नेमकं कुठे असतं?

कैरीलोणचं

नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध वाटेल, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी कुडाळला निघायच्या वेळी बॅगेचं कुलूप उघडेना. तीन चकत्या फिरवून आकडे जुळवायचे असतात ना, तसलं. नंबर मीच ठेवलेला. ३, ७ आणि ८ हे आकडे पक्के आठवत होते, कुठला आधी आणि कुठला नंतर तेवढं विसरले. लेक अकरावी सायन्सला आहे. ती बूट घालता घालता म्हणाली, "आई, तुला कॉम्बिनेशन आठवतंय, परम्युटेशन विसरलीस." सहाच प्रयत्न लागतील हेही तिनेच सांगितलं. पाचव्याला उघडलं.

डोक्यातला किडा मात्र गेला नाही. तिच्या वहीत लिहिलंय की क्रमाला महत्त्व असेल तर परम्युटेशन, नसेल तर कॉम्बिनेशन. कुलपात तर सगळा खेळ क्रमाचाच! मग त्याला कॉम्बिनेशन लॉक का म्हणतात? दहा आकड्यांतून तीन निवडायचे म्हटलं तर सूत्राने १२० येतात. ००० ते ९९९ मोजले तर १०००. दोन्ही पटतं, पण १२० वरून १००० ला कसं पोचायचं ते कळत नाही.

त्यात हा शब्द सगळीकडे भेटतो. साडी-ब्लाउजचं कॉम्बिनेशन, डॉक्टरांची कॉम्बिनेशनची गोळी, शिवाय केमिस्ट्री. हे सगळं एकच आहे की नुसतं नाव सारखं? आणि याला मराठीत म्हणावं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाटीपेन्सिल

ताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. तीस वर्षं हा धडा शिकवला, दरवर्षी कुणीतरी कुलूप काढतंच.

आधी संक्रांत घ्या. दहा जणी जमल्या. प्रत्येकीने प्रत्येकीला तिळगूळ दिला तर देणं किती वेळा झालं? ९०. मी तुम्हाला देणं आणि तुम्ही मला देणं या दोन वेगळ्या गोष्टी. पण त्याच दहा जणींतून फुगडीच्या जोड्या किती होतील? ४५. फुगडीत 'मी आणि तुम्ही' किंवा 'तुम्ही आणि मी', जोडी एकच. तिळगूळ म्हणजे परम्युटेशन, फुगडी म्हणजे कॉम्बिनेशन.

आता तुमचं कुलूप. १२० हे उत्तर तिन्ही आकडे वेगळे आहेत असं धरून येतं. अशी प्रत्येक निवड ६ प्रकारे मांडता येते, म्हणजे ७२०. कुलपात आकडा परत आलेला चालतो, तो हिशेब तुम्ही सोडलात. दोन सारखे आणि एक वेगळा (उदा. ३, ३, ७) अशा निवडी ९०, आणि त्या प्रत्येकीच्या मांडण्या ३, म्हणून २७०. तिन्ही सारखे असे १०. आता बेरीज करा: ७२० + २७० + १०. झाले १०००.

लेकीची कोपरखळी अगदी बरोबर आहे. गणिताच्या भाषेत ते परम्युटेशन लॉकच, तेही पुनरावृत्ती चालणारं. पण बोलीभाषेत कॉम्बिनेशन म्हणजे 'जुळवलेला संच', तिथे क्रमाची अट कुणी घालत नाही. गणिताने तो शब्द उचलला आणि त्याला मुद्दाम अरुंद केलं.

चाळीसगावकर

सरांशी सहमत. थोडं अवांतर करतो, गावाचा अभिमान आहे म्हणून. आमच्या पाटणादेवीला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाचा.

त्या आजोबांच्या लीलावतीत (११५०) ताईंच्या प्रश्नाची दोन्ही टोकं आहेत. एका गणितात ते विचारतात की सहा रसांपासून पदार्थाचे किती प्रकार होतील? एकेक रस घेऊन ६, दोन-दोन १५, तीन-तीन २०, मग १५, ६ आणि सगळे मिळून १. एकूण ६३. आमटीत चिंच आधी पडली की गूळ, याचा इथे संबंध नाही. (आईसमोर हे वाक्य म्हणायचं माझं धाडस नाही.) हा ६३ चा आकडा सुश्रुतसंहितेतही आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांबद्दल हाच हिशेब केलाय: सोळांतून चार निवडायची, प्रकार १८२०.

आणि अंकपाश या प्रकरणात क्रम येतो. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं, ती अदलाबदल करून मूर्तीचे भेद किती? ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. भेद २४. संध्येत आपण केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावं घेतो, त्या मूर्ती अशाच ओळखतात, कुठल्या हातात काय आहे ते बघून. आयुधं चारच आणि तीच, म्हणजे कॉम्बिनेशन एक. मूर्ती चोवीस.

केमिस्ट्रीवाला

चाळीसगावकर, चोवीस नावांचं माहीत नव्हतं. मस्त.

केमिस्ट्रीतलं कॉम्बिनेशन मात्र वेगळ्या घरचं. दहावीच्या मराठी पुस्तकात त्याला 'संयोग अभिक्रिया' म्हणतात. कळीच्या चुन्यावर पाणी ओता. भांडं हाताला चटका बसेल इतकं तापतं आणि विरलेला चुना तयार होतो. आता त्यात कळीचा चुनाही नाही आणि पाणीही नाही, तिसराच पदार्थ आहे. गणितात तसं काही होत नाही. ३, ७, ८ निवडले तरी ३ हा ३ च राहतो.

कॉम्बिनेशनची गोळी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते. क्षयरोगाची गोळी घ्या. रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चारही औषधं ठरावीक प्रमाणात एकाच गोळीत असतात, पण प्रत्येक औषध आपापलं काम स्वतंत्र करतं. तिथे फक्त काय निवडलं एवढं सांगून भागत नाही, किती मिलिग्रॅम तेही लागतं. गणिताच्या निवडीत 'किती' हा प्रश्नच नाही.

अडीचघरं

बुद्धिबळात तर सगळं उलटं! कॉम्बिनेशन म्हणजे चालींची अशी साखळी की समोरच्याला पर्यायच उरत नाही. बहुधा सुरुवातीला स्वतःचं मोहरं बळी द्यायचं. त्याच चाली वेगळ्या क्रमाने खेळलात तर हत्तीही जातो आणि डावही. लेकीला सांगा, इथे तिची वही चालणार नाही.

निळीशाई

कायद्यातही आहे. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ५ मध्ये कंपन्यांचं ठरावीक मर्यादेवरचं अधिग्रहण किंवा विलीनीकरण याला कॉम्बिनेशन म्हटलंय. तिथे क्रम बघत नाहीत, पण कोण कुणाला गिळतंय ते बघतात.

पाटीपेन्सिल

मराठी शब्दाचं राहिलं. परिभाषेत क्रमचय आणि समचय असे शब्द आहेत. शुद्ध आहेत, पण वर्गात मुलं दोन्हींत गल्लत करतात, मीही करायचो. म्हणून मी फळ्यावर सरळ 'मांडणी' आणि 'निवड' लिहायचो. केमिस्ट्रीत संयोग ठीक. साडी-ब्लाउजला मात्र 'रंगसंगती'. तिथे निवड म्हटलंत तर अर्धाच अर्थ येतो, एकमेकांना शोभणं राहून जातं.

कैरीलोणचं

सगळ्यांचे मनापासून आभार. ७२० + २७० + १० लेकीला दाखवलं. दोन मिनिटं गप्प बसली, मग वहीत उतरवून घेतलं. 'मांडणी' आणि 'निवड' मी कपाटाच्या दारावर चिकटवलंय. सासूबाईंनी चोवीस नावं एका दमात म्हणून दाखवली, ती वेगळीच मजा.

कुलपाचा नंबर बदलला. इथे अर्थातच सांगत नाही, पण यंदा तिन्ही आकडे सारखे ठेवलेत. क्रम विसरायची भानगडच नको.

पाटीपेन्सिल

ताई, आता हे वाचणाऱ्या कुणालाही जास्तीत जास्त दहा प्रयत्न लागतील. आजच बदला.