अनुभव धागा: शाळेबाहेर मुलं काय आणि कशी शिकली?

सुरुवात मीच करते. आमचं घर रत्नागिरी तालुक्यात, खाडीकाठी. लेक दहा वर्षांचा. अपूर्णांक म्हटलं की तोंड वाकडं. मे महिन्यात त्याला आजोबांबरोबर तिसऱ्या (खायचे शिंपले) काढायला जायचं होतं. आजोबा म्हणाले, "ओहोटी कधी ते तू सांग, मग नेतो." आणि पाऊणकी शिकवली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. थोडं इकडंतिकडं होतं, पण पाय बुडवायला पुरेसं. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येतो, तशी भरतीही मागे सरकते, हे मला स्वतःला पस्तिशीत कळलं! लेकाने आठवडाभर कालनिर्णयवर पेन्सिलीने वेळा लिहिल्या. एकदा चुकला, गुडघाभर पाण्यातून रिकामी परडी घेऊन परत आले. आजोबा अवाक्षर बोलले नाहीत. त्या दिवसापासून गणित दोनदा तपासतो.

तुमच्याकडचं लिहा. फसलेलं असेल तर आधी ते लिहा.

मालवणहून

फसलेलंच सांगतो. शहरात पैसे भरून मुलाला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात घातलं. आठ दिवसांनी प्रमाणपत्र आणि टोपी घेऊन आला. काय शिकलास विचारलं तर म्हणे, टाळ्या वाजवायला.

त्याच सुट्टीत माझी बहीण त्याला मासळीबाजारात आपल्या शेजारी बसवायची. पहिल्या दिवशी लाजून टोपलीमागे लपला. चौथ्या दिवशी गिऱ्हाईकाला बांगड्याचा कल्ला उघडून दाखवत होता, "बघा, लालभडक आसा." वाटा कितीला द्यायचा, दुपार कलली की किती उतरायचं, हे आत्याच्या डोळ्यांकडे बघून कळायला लागलं. 1 जूनला मासेमारी बंद झाली तेव्हा विचारतो, "आता दोन महिने आत्याचा कसा चलतला?" त्यावर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. आत्याने सुक्या बाजाराचा, म्हणजे सुकवलेल्या मासळीचा, डबा उघडून दाखवला.

मंडणगडहून

वेळासला कासवांची पिल्लं बघायला नेलं. 2002 पासून तिथे ऑलिव्ह रिडलेची अंडी जपतात. पहाटे उठून गेलो, अंड्यांच्या खड्ड्यावरची टोपली उचलली, खाली नुसती वाळू. संध्याकाळीही तेच. मुलगी रडवेली, मी गाडीभाड्याचा हिशेब करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा पिल्लं. तिने एकही फोटो काढला नाही. परतताना विचारलं, आई कुठे होती? आई अंडी घालून तेव्हाच समुद्रात गेलेली, 45 ते 60 दिवसांपूर्वी. आणि वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात, हे ऐकून घरी आल्यावर अंगणातली वाळू हाताने चाचपत बसली होती.

राजापूरहून

मी पेशाने शिक्षक, त्यामुळे सगळ्याचा धडा करायची खोड. देवाचे गोठणे गावच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कोरलेलं कातळशिल्प दाखवायला पोरांना नेलं आणि वीस मिनिटं बोललो. जांभा, अश्मयुग, 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव, सगळं. पोरं जांभया देतायत. तेवढ्यात एकाने माझ्या पिशवीतलं होकायंत्र कातळावर ठेवलं आणि ओरडला, "सर, ह्याची दिशा बदलली!" मग कोण ऐकतंय माझं! दर हातावर यंत्र सरकवून ते खडूने खुणा करत बसले. तिथे सुई फिरते हे मला आधीपासून माहीत होतं, तेच शेवटी सांगायचं म्हणून राखून ठेवलं होतं. पोरांनी माझ्या हातून काढून घेतलं, बरं झालं.

वेंगुर्ल्याहून

काजू भाजताना पोराच्या मनगटावर चीक उडाला. चूक माझी. हाताला खोबरेल लावायला सांगायचं विसरलो. टरफलातलं तेल पेट घेतं तेव्हा लांब उभं राहायचं, हेही नंतर सांगितलं. डाग आहे अजून. सासूबाई वर्षभर मला ऐकवतायत. पोरगा मात्र यंदा धाकट्या चुलतभावाला आधी तेल लावायला लावत होता.

चिपळूणहून

वाचायला छान आहे हो, पण आम्ही दोघं नोकरीवाले, फ्लॅटमध्ये. आजी-आजोबा नाहीत, खाडी आहे ती पुराच्या वेळी दिसते. आमच्याकडे एवढंच झालं: मुलीला एसटीचं तिकीट स्वतः काढायला लावलं, गुहागरपर्यंत. कंडक्टरने सुटे मागितले, तिच्याकडे नव्हते. मी मागच्या सीटवर गप्प बसले. तिने शेजारच्या काकांना विचारून नोट मोडून घेतली. मला तेवढ्यात घाम फुटला होता.

पुन्हा मी

चिपळूणकर, गप्प बसणं हेच अवघड! आज द्वितीया. दोन पाऊण दीड. ओहोटी साडेसातला, लेक परडी शोधतोय. बाकीच्यांचं रात्री वाचते.