राज्याची तूट कोणाच्या नावावर मांडायची?

जुना लेखापाल
२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्या आणि आमच्या कट्ट्यावर नेहमीचं भांडण पेटलं. अर्धे म्हणतात महायुतीने तिजोरी धुऊन नेली, अर्धे म्हणतात खड्डा आघाडीनेच खणून ठेवला होता. सरकारी हिशेबात तीस वर्षं काढलेला माणूस, मला गप्प बसवेना.

२०२०, २०२१ आणि २०२२ चे अर्थसंकल्प अजित पवारांनी आघाडीतर्फे मांडले. २०२४ आणि २०२५ चेही त्यांनीच मांडले, फक्त या वेळी महायुतीतर्फे. मधला २०२३ चा तेवढा फडणवीसांचा. मग तूट कोणत्या पक्षाच्या खात्यावर टाकू? कर्जमाफी घ्या. पुणतांब्याच्या शेतकरी संपानंतर २०१७ ला फडणवीस सरकारने ३४ हजार कोटींची जाहीर केली, डिसेंबर २०१९ ला ठाकरे सरकारने दोन लाखांपर्यंतची. नोव्हेंबर २०२४ च्या प्रचारात महायुतीने लाडक्या बहिणींना महिना २१०० कबूल केले, आघाडीने ३०००. लिलावात दोघे बोली लावतात आणि भाव चढवल्याचा ठपका मात्र आपण एकावर ठेवतो, तोही आपल्या नावडत्यावर.

कृष्णाकाठ
काका, तुमचा युक्तिवाद सत्तेत बसलेल्याला फारच सोयीचा आहे. सगळेच सारखे म्हटलं की कोणाचीच झडती घ्यायला नको!

तारखा बघा. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल, महायुतीला ४८ पैकी १७. २८ जूनला अर्थसंकल्पात लाडकी बहीण. ९ जुलैला ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या, त्यातले २५ हजार कोटी याच योजनेसाठी. अर्थसंकल्प मांडून दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. हा काय दुष्काळ होता की महापूर? जूनच्या अर्थसंकल्पात न धरलेला खर्च जुलैत कसा उगवला? तो निर्णय एका मंत्रिमंडळाने घेतला, त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. विरोधक ३००० म्हणाले खरे, पण ते हरले. न दिलेल्या पैशाची तूट होत नसते.

जुना लेखापाल
योजनेला विरोध कोणी केला ते सांग. सगळे म्हणाले, रक्कम कमी पडते.

डोंबिवली फास्ट
किती तो आरडाओरडा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राजकोषीय तूट, म्हणजे कर्जाने भरायची एकूण तूट, १ लाख ३६ हजार २३५ कोटी, म्हणजे राज्याच्या सकल उत्पन्नाच्या २.७६ टक्के. मर्यादा ३ टक्क्यांची. मर्यादेत आहे, विषय संपला. कर्नाटकात काँग्रेसने घरातल्या बाईला महिना २००० दिले की तो सामाजिक न्याय, आणि इथे १५०० दिले की लगेच रेवडी?

कृष्णाकाठ
कर्नाटकचं मी कुठे कौतुक केलं? आणि आकडा सांगायचा तर शेजारचाही सांगा की. महसुली तूट २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात २० हजार ५१ कोटी धरली होती, २०२५-२६ ला ४५ हजार ८९१ कोटी. दुपटीच्या वर. राजकोषीय तुटीतून निदान धरण, रस्ता काहीतरी उभं राहू शकतं. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्चही कर्जावर. विहिरीसाठी सोसायटीचं कर्ज काढलं तर बाप काही म्हणत नाही, त्याच कर्जातून वरात काढली तर म्हणतो.

सुनंदा, परभणी
वरात? मी स्वतः ती लाडकी बहीण आहे. पहिले दोन हप्ते मुलीच्या क्लासच्या फीला गेले, तिसऱ्यात गॅस भरला. घोडा नव्हता, बँडही नव्हता.

२०२५-२६ ला योजनेला ३६ हजार कोटी ठेवले. त्याच वर्षी जुन्या कर्जाच्या नुसत्या व्याजाला सुमारे ६५ हजार कोटी धरले. ते कर्ज काढलं तेव्हा आम्ही बायका होतो का मंत्रालयात? नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्ग ८६ हजार कोटींचा, ज्यांच्या जमिनी जातायत तेच कित्येक नको म्हणतायत, तरी त्यावर कोणी रेवडी म्हणत नाही. बाईच्या खात्यावर पैसे आले की मात्र सगळ्यांना राज्याची काळजी लागते.

आणि हो, २१०० चं काय झालं ते डोंबिवलीवाल्या भाऊंनी सांगावं.

डोंबिवली फास्ट
पाच वर्षांचं सरकार आहे ताई. होईल.

पाइपलाइनवाला
दादा, तुमच्या त्या २.७६ टक्क्यात माझं बिल धरलंय का? गावच्या पाणी योजनेचं काम करून वरीस झालं. पाणी चालू हाय, लोक पित्यात. माझं पैसं अजून न्हाईत. सळईवाला आणि पाइपवाला रोज फोन करत्यात.

जुना लेखापाल
नाही धरलेलं. खरं तर हा मुद्दा मीच वर मांडायला हवा होता. सरकारी हिशेब रोखीवर चालतो. काम झालं, मोजमाप पुस्तकात नोंद झाली, बिल आलं, तरी पैसे देईपर्यंत तो खर्च नाही. म्हणजे बिल जितकं लांबवाल तितकी तूट कागदावर कमी दिसते.

यातही पक्ष शोधू नका. मनमोहन सिंग सरकारने तेल कंपन्यांना अनुदानाऐवजी रोखे दिले, तूट झाकली गेली. मोदी सरकारने अन्न महामंडळाचं अनुदान रोखीने न देता महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज घ्यायला लावलं, तीच तऱ्हा. फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्मला सीतारामन यांनी ते कर्ज हिशेबात आणलं.

तुटीला लगाम घालायच्या कायद्याचंही तेच. वाजपेयींच्या काळात २००३ ला झाला, काँग्रेस आघाडीने जुलै २००४ ला लागू केला. केंद्राची तूट २००७-०८ ला अडीच टक्क्यांवर आली. पुढच्याच वर्षी कर्जमाफी, वेतन आयोग, जागतिक मंदी, आणि आकडा ६ टक्क्यांवर. महसुली तूट शून्य करायचं कलम कोणालाच पाळता आलं नाही, शेवटी २०१८ ला ते लक्ष्यच कायद्यातून काढून टाकलं.

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत आमच्या मंडळात हेच चालतं, फक्त नावं वेगळी. १९९८ ते २००१ अशी चार वर्षं अमेरिकेचं बजेट शिलकीत होतं. डेमोक्रॅट म्हणतात क्लिंटननी केलं, रिपब्लिकन म्हणतात संसद आमच्या ताब्यात होती. मग बुश आले, करकपात आली, युद्धं आली, शिल्लक गेली. तरी जो तो आपल्या सोयीचं वर्ष धरून बसतो. मला जुन्या लेखापालांचं पटतं.

कृष्णाकाठ
एडिसनकर, तुमच्या उदाहरणाने माझीच बाजू बळकट होते. तुमच्याकडे अध्यक्ष एका पक्षाचा आणि संसद दुसऱ्याच्या हातात असू शकते, त्यामुळे जबाबदारी वाटली जाते. आपल्याकडे ज्याचं बहुमत त्याचाच अर्थसंकल्प, आणि तो सभागृहात पडला तर सरकारच पडतं. प्रत्येक मागणीमागे सरकारचा जीव टांगलेला. मग 'तूट सगळ्यांची' कशी? त्या त्या वर्षी खुर्चीवर जो होता त्याची. पक्ष बदलून तोच माणूस परत आला, तर दोन्ही वेळची त्याची.

काका, तुम्हाला पक्षांवरचा राग आहे, तो मलाही आहे. पण ९ जुलैच्या मागण्या विरोधकांनी आणल्या नव्हत्या.

जुना लेखापाल
हे मान्य. मागणी आणणाऱ्याची सही, त्याची जबाबदारी. पण आघाडीने ३००० चा आकडा फेकला नसता तर २१०० चं आश्वासन आलं असतं का, याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

कृष्णाकाठ
कदाचित नसतं आलं. पण १५०० आधीच आले होते.

पाइपलाइनवाला
काका, तुम्ही हिशेबात हुता म्हणून इचारतो. बिल कुठं अडकत असंल?

जुना लेखापाल
विभागात जाऊन आधी विचारा, तुमच्या लेखाशीर्षाला, म्हणजे ज्या खात्यावर या कामाचा खर्च पडतो त्याला, बीम्स या सरकारच्या ऑनलाइन निधीवाटप प्रणालीवर निधी सुटलाय का. तरतूद असणं वेगळं, निधी सुटणं वेगळं.

पाइपलाइनवाला
तरतूद हाय म्हणत्यात. निधी न्हाई. दोनदा जाऊन आलो.